स्टेशनपासून वाळूपर्यंत : किनाऱ्यावरच्या एका दिवसासाठी रेल्वे की भाड्याची गाडी?

मुंबई, ठाणे किंवा पुण्याहून पहाटे निघून समुद्रावर जायचे आणि रात्री घरी परतायचे, असा बेत निघाला की बोलणे लगेच पेट्रोल आणि तिकिटावर येते. त्याआधी एक आकडा काढा. ज्या स्टेशनवर उतरणार, तिथून वाळू किती किलोमीटरवर आहे? दहाच्या आत असेल तर रेल्वे. पंचवीसच्या पुढे असेल तर गाडी, निदान शेवटच्या टप्प्यापुरती तरी. मधल्या अंतराला माणसे किती, सोबत कोण आणि परतीची शेवटची सोय किती वाजता, यावर ठरते.

पश्चिम रेल्वेचा विरार–डहाणू मार्ग सपाट पट्टीतून, समुद्राला जवळजवळ समांतर जातो. कोकण रेल्वेचे तसे नाही. १९९८ पासून ती पूर्ण मार्गावर धावते आहे, पण रोह्याच्या पुढे ती किनारा सोडून बरीच आत राहते. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्यांच्या मुखाशी रुंद खाड्या आहेत आणि रेल्वेमार्ग त्यांच्या आतल्या बाजूने गेला आहे. म्हणून स्टेशनाचे नाव ओळखीचे असले तरी समुद्र तिथून तासाभरावर असतो. ढोबळ अंतरे अशी:

डहाणू रोड ते डहाणूचा किनारा : २–३ किमी
घोलवड ते बोर्डी : ३ किमी
केळवे रोड ते केळवे किनारा : ७–८ किमी
पेण ते अलिबाग : ३० किमी
माणगाव ते श्रीवर्धन : ४५ किमी
खेड ते दापोली : ३० किमी, पुढे कर्दे किंवा हर्णैला आणखी १२–१६
चिपळूण ते गुहागर : ४५ किमी
रत्नागिरी ते गणपतीपुळे : ३०–३५ किमी
कुडाळ ते मालवण : ३० किमी, वेंगुर्ल्याला २५

हे रस्ते वळणाचे, गावांमधून जाणारे आहेत. तासाला ३०–३५ किलोमीटर धरा. मोबाइलवरचा नकाशा कमी वेळ दाखवतो, पण त्यात एसटीच्या मागे अडकणे आणि बाजाराच्या दिवशीची गर्दी धरलेली नसते.

आता तास मोजा. सकाळी सहा ते रात्री नऊ म्हणजे पंधरा तास. प्रत्यक्ष किनाऱ्यावर निदान पाच तास हवेत, त्यातला एक जेवणात जातो. रस्त्याने जाण्यायेण्याला मिळून आठ तासांपेक्षा जास्त लागत असतील तर एका दिवसाचा बेत सोडून मुक्काम करा. मुंबईहून श्रीवर्धन–हरिहरेश्वरला एका दिवसात जाऊन येणारे पुष्कळ आहेत, पण तिथे दोन तास बसण्यासाठी दहा तास गाडीत काढावे लागतात आणि परतीचा अंधारातला रस्ता थकलेल्या माणसाच्या हातात पडतो. हे करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी तिथी, मग वाहन

समुद्र कोणत्या वेळी कसा असेल ते कॅलेंडरवरून कळते, आणि त्यावरून किती वाजता पोहोचायचे ते ठरते. बऱ्याचदा वाहनाची निवड इथेच होऊन जाते.

तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. जो आकडा येईल त्या वेळेच्या आसपास पूर्ण भरती असते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमेला आणि अमावस्येला साडेअकरा ते बाराच्या दरम्यान. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि पुन्हा तेवढ्याच वेळाने दुसरी भरती. मुंबई–रायगडच्या किनाऱ्यावर या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, तेव्हा निघण्याआधी त्या दिवसाचा भरती-ओहोटीचा तक्ता बघून घ्यावा. पण तारीख निवडायला तिथी पुरते.

पौर्णिमा-अमावस्येच्या आगेमागे उधाण असते: भरती मोठी, ओहोटीही मोठी. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा पाण्याची चढउतार कमी.

अलिबागसमोर पाण्यात असलेला कुलाबा किल्ला चालत बघायचा आहे, असे धरू. अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी येते, पण भांगाची असल्याने वाटेवर पाणी राहू शकते. तृतीया ते पंचमी या दिवसांत ओहोटी सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान येते आणि पाणी चांगले मागे हटते. चालत जायला हे दिवस उत्तम, पण त्यासाठी नऊच्या आत अलिबागला असावे लागते. सावकाश निघून रेल्वे आणि एसटीने हे जमत नाही. पहाटे गाडीने किंवा गेटवेहून सकाळच्या पहिल्या बोटीनेच जमते. याउलट बोर्डीचा किनारा इतका सपाट आहे की ओहोटीला पाणी फार दूर जाते आणि दुपारच्या उन्हात ओल्या वाळूतून लांब चालत जावे लागते. तिथे भरतीची वेळ दुपारी तीन-चारला येईल असा दिवस घ्या. आरामात अकराला पोहोचलात तरी चालते, म्हणजे रेल्वे बसते.

काशिद, हरिहरेश्वर, गणपतीपुळे इथे पाण्याला ओढ आहे. ओहोटी लागली की कमरेच्या वरच्या पाण्यात कुणीही थांबू नये, पोहता येणाऱ्यांनीसुद्धा.

केळवे, डहाणू, बोर्डी : रेल्वेने जा

चर्चगेटहून थेट डहाणू लोकल आहेत, पण मोजक्या. बाकी वेळी विरारला बदलावे लागते. दादरहून केळवे रोडला बदलासकट पावणेदोन ते दोन तास धरा. दुसऱ्या वर्गाचे तिकीट एका बाजूला पन्नास रुपयांच्या आत येते. सकाळची मोठी गर्दी चर्चगेटकडे आणि संध्याकाळची विरारकडे असते. तुम्ही दोन्ही वेळा उलट्या दिशेने जाता, त्यामुळे बसायला जागा मिळते. फक्त कामाच्या दिवशी विरारच्या पुढे बोईसरच्या कारखान्यांत जाणाऱ्यांची गर्दी असते, तेवढी लक्षात ठेवा.

चुका ठरावीक ठिकाणी होतात.

विरार–डहाणू पट्ट्यात दोन लोकलमध्ये कधी तासाभराचेही अंतर पडते. म्हणून घरातून निघतानाच परतीच्या तीन वेळा लिहून घ्या: जी पकडायची ती, तिच्यानंतरची, आणि शेवटची. तिसरी फक्त अडचणीसाठी.

पालघर, बोईसर, डहाणू रोड इथे काही मेल-एक्स्प्रेस गाड्याही थांबतात. लोकलचे तिकीट त्यांत चालत नाही. फलाटावर आधी आली म्हणून चढलात आणि तपासनीस भेटला तर भाडे अधिक किमान २५० रुपये दंड, तोही माणशी. मोबाइलवरचे लोकलचे तिकीट स्टेशनाबाहेर असतानाच काढा, रुळांजवळ उभे राहून ते निघत नाही.

रविवारी रुळांच्या दुरुस्तीसाठी ब्लॉक असतो. शनिवारी संध्याकाळी त्याची वेळ आणि पट्टा बघा. जलद मार्ग बंद असला तर प्रवास अर्धा-पाऊण तासाने वाढतो, आणि मग विरारची जोडगाडी चुकते.

केळवे रोडला प्रत्येक लोकलला टमटम आणि रिक्षा उभ्या असतात. त्या भरल्या की निघतात, पुढच्या लोकलपर्यंत फारसे काही मिळत नाही. फलाटावर फोटो काढत रेंगाळू नका. परतीला अडचण जास्त होते, कारण अंधार पडल्यावर वाहने विरळ होतात. सकाळी ज्याच्या टमटममधून आलात त्याचाच नंबर घेऊन संध्याकाळची वेळ सांगून ठेवा. सुटे पैसे जवळ असू द्या, मोबाइलचे पैसे रेंज नसली की जात नाहीत. आणि शहरातल्या अॅपवरच्या टॅक्सीने केळव्याला जाऊ नका. जायला मिळते, यायला मिळत नाही.

गाडी इथे केव्हा योग्य? सोबत जिना चढू न शकणारे कुणी असेल तेव्हा, कारण विरारला पूल ओलांडून फलाट बदलावा लागू शकतो. किंवा केळवे, त्याच्या शेजारचे माहीम, शिरगावचा किल्ला आणि सातपाटीचा मासळीबाजार हे सगळे एकाच दिवसात करायचे असेल तेव्हा. दहिसरच्या नाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना टोल नाही, पण वेळ जातो तो टोलमुळे नव्हे. घोडबंदरचा जोड, वर्सोव्याचा खाडीपूल आणि वसईचा महामार्ग रविवारी संध्याकाळी तुंबतात. एप्रिल २०२५ मध्ये विरारच्या मारंबळपाडा ते जलसार ही रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, सुरू झाली. सफाळे–केळव्याकडे जाणाऱ्या गाडीचा महामार्गाचा मोठा वळसा तिने वाचतो. फेऱ्यांच्या वेळा बघून मगच तिच्यावर विसंबा.

अलिबाग : दोन्ही सोडून बोट

अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. पेणला उतरून एसटी किंवा मिनीडोअरने, म्हणजे सहा आसनी रिक्षाने, ३० किलोमीटर जाता येते. स्वस्त आहे, पण दिव्याहून पेणकडे जाणाऱ्या गाड्या थोड्याच आहेत आणि एक हुकली की सकाळ गेली. एसटीत महिलांना निम्मे भाडे आहे, ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांनाही निम्मे, आणि ७५ च्या पुढे प्रवास मोफत. घरातली चार मोठी माणसे असतील तर हा हिशेब गाडीपेक्षा फार खाली येतो.

बहुतेकांसाठी सरळ उत्तर म्हणजे गेटवेहून मांडव्याची बोट. सुमारे तासाभराचा प्रवास, आणि काही कंपन्यांच्या तिकिटात मांडवा ते अलिबाग बसही धरलेली असते. तिकीट बोटीतून उतरल्यावर फेकू नका, बसमध्ये तेच दाखवायचे असते. परतीला अलिबागहून बस बोटीच्या बरीच आधी सुटते. बोटीची वेळ लक्षात ठेवून बसची विसरणारे दर रविवारी दिसतात. पोहोचल्या पोहोचल्या बसची वेळ विचारा.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो जाते, मार्च २०२० पासून. तीत गाडी चढवता येते, चालत जाणाऱ्यांनाही घेतात. गाडीची जागा आगाऊ राखावी लागते. गाडी भाड्याची असेल तर ती बोटीवर चढवायला मालकाची परवानगी आहे का, हे आधी लेखी विचारा. काही करारांत त्याला मनाई असते.

फक्त अलिबागचा किनारा आणि कुलाबा किल्ला बघायचा असेल तर गाडीची काही गरज नाही. नागाव, रेवदंडा, चौल असे फिरायचे असेल तर अलिबागमध्येच दिवसभराची रिक्षा ठरवा. कुठे कुठे थांबायचे आणि किती वाजता सोडायचे, दोन्ही आधी बोलून घ्या.

काशिद, मुरूड, दिवेआगर : गाडी हवीच

रेवदंड्याच्या पुढे रेल्वेचा उपयोग संपतो. रोह्याला उतरून मुरूडला जायचे म्हटले तर मध्ये डोंगर आणि थोड्या एसटी. काशिद आणि मुरूड एका दिवसात गाडीने होतात, मुंबईहून मुरूड साधारण १५० किलोमीटर. पाचला निघा. अटल सेतूने गेलात तर शहरातला तास वाचतो. गाडीला एका बाजूचा टोल २५० रुपये, जाऊन-येऊन घेतला तर ३७५. सेतूवर वेगमर्यादा ताशी १०० आहे आणि कॅमेरे आहेत. दुचाकीला मात्र सेतूवर बंदी आहे.

परतीला वडखळ आणि पेण हे दोन अडथळे. रविवारी चारच्या आत मुरूड सोडले तर ते निभावतात. सूर्यास्त बघून निघालात तर अलिबाग, मुरूड आणि महामार्गावरची सगळी गर्दी वडखळलाच एकत्र होते. मुरूडला जंजिरा बघायचा असेल तर राजपुरीच्या होड्यांच्या रांगेसाठी दीड-दोन तास धरा, आणि किल्ला पावसाळ्यात बंद असतो हे लक्षात ठेवा.

दिवेआगर आणि श्रीवर्धन मुंबईपेक्षा पुण्याला जास्त सोयीचे. ताम्हिणी घाटातून माणगाव, मग म्हसळा. पुण्याहून या किनाऱ्याला रेल्वेने जाण्याचा विचारच नको, पनवेलचा वळसा पडतो. मुरूडहून दिवेआगरला जाताना नकाशा खाडीला वळसा घालून लांबचा रस्ता दाखवतो. आगरदांडा–दिघी फेरीबोट गाडीसकट पार नेते. अशीच बोट दाभोळ–धोपावे आणि जयगड–तवसाळ इथे आहे. कोकणात दोन किनारे हवाई अंतराने जवळ आणि रस्त्याने लांब असतात, तेव्हा बेत आखताना बोटीच्या वेळा आधी पाहाव्या. शेवटची बोट चुकली तर वळशात दीड-दोन तास जातात.

रत्नागिरी, मालवण : रेल्वेने जा, गाडी तिथे घ्या

इथे दोन्हींचा मेळ सर्वांत चांगला बसतो. मुंबई–मडगाव वंदे भारत जून २०२३ मध्ये सुरू झाली. पहाटे साडेपाचच्या आसपास मुंबईहून सुटून ती अकराच्या आत रत्नागिरीला पोहोचते, आणि परतीची संध्याकाळी सहाच्या आत तिथून निघते. मध्ये सहा-सात तास मिळतात. स्टेशनवर ड्रायव्हरसह गाडी आधीच ठरवलेली असेल तर आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळे करून परत येता येते. महामार्गाने हेच करायला गेलात तर जाण्यातच सात-आठ तास जातात. शुक्रवारी वंदे भारत नसते, आणि पावसाळी वेळापत्रकात आठवड्यातले दिवसही कमी होतात.

आरक्षण ६० दिवस आधी उघडते. शनिवार-रविवारच्या जागा लवकर संपतात. तात्काळ आदल्या दिवशी, वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० आणि बाकीसाठी ११ वाजता. त्यासाठी खाते आधारशी जोडलेले लागते, ते आठवडाभर आधी करून ठेवा. परतीचे तिकीट प्रतीक्षा यादीत असेल तर एका दिवसाचा बेत आखूच नका.

मालवणला मुंबईहून एका दिवसात जाऊन येणे जमत नाही. पण कुडाळ किंवा सावंतवाडीत पाहुण्यांकडे उतरला असाल, तर तिथून दिवसाची गाडी किंवा दुचाकी घेऊन मालवण, निवती, वेंगुर्ले आरामात होते. गोव्याच्या दक्षिणेकडे चित्र पुन्हा उलटते. काणकोण स्टेशनापासून पाळोळे, मुर्डेश्वर स्टेशनापासून तिथला किनारा, दोन्ही दोन-तीन किलोमीटरवर. मडगावात मुक्काम असेल तर या दोन ठिकाणी रेल्वेने जावे, फक्त गाड्या मोजक्या असल्याने परतीची वेळ आधी बघावी.

गाडी भाड्याने घेताना

भाड्याच्या गाडीचे दोन प्रकार: स्वतः चालवायची आणि ड्रायव्हरसह. दोन्हींचा हिशेब वेगळ्या पद्धतीने होतो.

स्वतः चालवायच्या गाडीची नंबरप्लेट काळी आणि अक्षरे पिवळी असायला हवीत. टॅक्सीची पिवळी आणि अक्षरे काळी. पांढऱ्या प्लेटची, म्हणजे कुणाची तरी खासगी गाडी, ओळखीने स्वस्तात मिळते, पण ती भाड्याने देणे नियमाबाहेर आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. दिवसाला वाचलेल्या पाचशे रुपयांसाठी ही जोखीम घेऊ नये.

करार करताना इतके विचारा. रोजची किलोमीटर मर्यादा किती, आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरला किती? २४ तास कधीपासून कधीपर्यंत? रात्री अकराला परत आलात तर गाडी घ्यायला कुणी असेल का, की दुसऱ्या दिवसाचे भाडे लागेल? अनामत किती आणि किती दिवसांत परत? फास्टॅगमधून गेलेले पैसे कसे धरणार? गाडीला धक्का लागला तर तुमच्या खिशातून जास्तीत जास्त किती? टायर, काचा आणि गाडीचा तळ यांचे नुकसान बहुधा विम्याबाहेर ठेवतात, आणि कोकणातल्या आतल्या रस्त्यांवर नेमके तेच होते.

गाडी शक्यतो आदल्या संध्याकाळी उजेडात ताब्यात घ्या. चारही बाजू, छप्पर, चाकांच्या रिंगा, आतल्या सीटा यांचा न थांबवता एक व्हिडिओ काढा, शेवटी इंधनाचा काटा आणि किलोमीटरचा आकडा. स्टेपनीत हवा आहे का ते दाबून पाहा. जॅक आणि पाना डिकीत आहेत का? आरसी, विमा आणि पीयूसीच्या तारखा वाचा. बऱ्याच काळ्या प्लेटच्या गाड्यांना ताशी ८० चा स्पीड गव्हर्नर असतो. ओव्हरटेक करताना अर्ध्यावर गाडी वेग घेईनाशी झाली तर समोरून येणारा डंपर थांबत नाही, म्हणून पहिल्या मोकळ्या रस्त्यावरच तिचा अंदाज घ्या.

ड्रायव्हरसह गाडी घेतली तर दर किलोमीटरवर असतो, पण दिवसाचे किमान २५० किंवा ३०० किलोमीटर धरतात, तुम्ही कमी फिरलात तरी. किलोमीटर मालकाच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजतात, तुमच्या दारापासून नाही. म्हणून तुमच्याच भागातला मालक शोधा. टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. भत्ता रात्री किती वाजल्यानंतर वाढतो तेही विचारा.

आता बेरीज. मुरूड, चौघेजण, जाऊन-येऊन ३०० किलोमीटर. स्वतः चालवायची गाडी: भाडे २,५०० धरू, लिटरला १५ किलोमीटर म्हणजे २० लिटर पेट्रोल, १०४ रुपयांनी २,०८०, अटल सेतू ३७५. एकूण ४,९५५. ड्रायव्हरसह: १४ रुपयांनी ३०० किलोमीटरचे ४,२००, भत्ता ४००, टोल ३७५. एकूण ४,९७५. म्हणजे जवळजवळ सारखेच, कारण दुसऱ्या हिशेबात पेट्रोल मालकाचे. एका दिवसाच्या लांब बेताला आम्ही दुसरा पर्याय सुचवतो: चौघांनाही पाण्यात उतरता येते, रात्री चालवायला ताजा माणूस असतो आणि अनामत अडकत नाही. दर तुमच्या गावाचे घालून बेरीज पुन्हा करा. तीनशेच्या बरेच आत फिरायचे असेल तर मात्र स्वतः चालवणे स्वस्त पडते.

दोघेच असाल तर माणशी अडीच हजार होतात, तेव्हा मुरूडऐवजी केळवे किंवा अलिबाग निवडा. केळव्याला चौघांची रेल्वेची तिकिटे जाऊन-येऊन चारशेच्या आत, आणि भाड्याची गाडी २२० किलोमीटरला चार हजार. तिथे बेरीज करत बसायचीही गरज नाही.

पाऊस आणि सण

गेटवे–मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात. रो-रो बरीचशी चालू राहते, पण हवामानावर अवलंबून. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक जूनच्या मध्याच्या सुमारास लागते आणि ऑक्टोबरपर्यंत चालते. त्या काळात गाड्या हळू धावतात आणि वेळा बदलतात, त्यामुळे मे महिन्यातली वेळ डोक्यात ठेवून स्टेशनवर जाऊ नका. ताम्हिणीत दरडी येतात. जुलैत समुद्र बघायचाच असेल तर लांब न जाता केळवे किंवा डहाणू, तेही मुसळधार पावसाचा इशारा नसेल त्या दिवशी, कारण वसई–नालासोपाऱ्याला पाणी साचले की लोकल थांबतात. गणेशोत्सवाच्या आदल्या आठवड्यात कोकणाच्या दिशेने रेल्वे आणि महामार्ग दोन्ही गावी जाणाऱ्यांनी भरलेले असतात. ते दिवस त्यांच्यासाठी मोकळे सोडावेत.

गाडी वाळूत नेऊ नका

हे वेगळे सांगावे लागते, कारण दरवर्षी गाड्या अडकतात. ओहोटीची ओली वाळू वरून घट्ट दिसते. गाडी थांबली की चाकाखालची वाळू पाणी सोडते आणि चाक बसते. अॅक्सिलरेटर दाबला की ते आणखी खोल जाते. ट्रॅक्टर बोलावेपर्यंत तास जातो आणि तेवढ्यात भरती लागते. खारे पाणी इंजिनात आणि वायरिंगमध्ये गेले की दुरुस्ती लाखात जाते, विमा ते बहुधा देत नाही आणि भाड्याच्या करारात किनाऱ्यावर गाडी नेणे हाच भंग असतो. पोलिसांचा गुन्हाही होऊ शकतो. सुरूच्या बनाच्या अलीकडे, घट्ट जमिनीवर गाडी लावा आणि चालत जा. चुकून अडकलीच तर अॅक्सिलरेटर सोडा, सगळे उतरा, चाकांपुढची वाळू हाताने काढून पायपुसणी खाली घाला, टायरमधली थोडी हवा कमी करा आणि हळू, सरळ, आल्या वाटेने मागे घ्या. दोन प्रयत्नांत नाही निघाली तर वेळ न घालवता गावातला ट्रॅक्टर बोलवा.

परतताना सीटांवर घालायला जुनी चादर आणि पाय धुवायला पाच लिटरचा पाण्याचा कॅन ठेवा. वाळू आणि ओल यांसाठी साफसफाईचे पैसे अनामतीतून कापले जातात. मासळी घ्यायची असेल तर बर्फासह झाकणाचा थर्माकोलचा डबा, तोही चिकटपट्टीने बंद केलेला. नुसत्या पिशवीतले पाणी डिकीच्या गालिच्यात मुरले की वास आठवडाभर जात नाही, आणि त्याचे पैसे मालक लावतो. रेल्वेने येत असाल तर हाच डबा सीटखाली ठेवता येतो, फक्त तळ गळत नाही ना ते उचलून बघा. गाडी परत देताना पुन्हा तसाच व्हिडिओ काढा आणि जितके इंधन घेतले होते तितके भरून द्या. वेगाचे चलन नंतर मालकाच्या नावावर येते, म्हणून अनामतीतून काही कापले तर चलनाची प्रत मागा आणि तिच्यावरची तारीख, वेळ आणि जागा तुमच्या प्रवासाशी जुळते का ते तपासा.